छताला पाय असतात

मराठीत नकोशा आवाजाला शब्दांची वाण नाही. गोंगाट, गलका, कलकलाट, कल्ला, दणदणाट, खडखडाट, धिंगाणा. प्रत्येकाची जात निराळी. यांच्याच कुळातले काही शब्द मात्र आवाजात जन्मले आणि पुढे मनात जाऊन राहिले. ‘कटकट’ हा मुळात नुसता ध्वनी. आज तो कुठल्याही त्रासाचं सामान्यनाम आहे. ‘किरकिर’, ‘भुणभुण’ यांचंही तेच झालं. ‘कुरकुर’ तर तक्रारीलाच म्हणतात. त्रास देणारा आवाज आणि त्या त्रासाबद्दलची तक्रार या दोन्हींसाठी आपल्या भाषेने एकाच टाकसाळीत नाणी पाडली आहेत. आणि दुर्लक्षासाठी तिच्याकडे शब्द आहे ‘कानाडोळा’. त्यातला डोळ्याचा भाग सोपा आहे, कारण डोळ्याला पापणी आहे. कानाला ती नाही.

शेजाऱ्याच्या आवाजाचं आपल्या साहित्याने आणि सिनेमाने काय केलं, आणि त्या आवाजाखाली राहणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो, या दोन प्रश्नांमधलं अंतर मोजण्याचा हा प्रयत्न आहे. मी नवीन पनवेलमध्ये, सहकारी सोसायटीत, अधल्या मजल्यावर राहते. म्हणजे मी कुणाच्या तरी वर आहे आणि कुणाच्या तरी खाली. या विषयाला याहून योग्य जागा मिळणं कठीण.

चाळीचा वारसा

शेजाराचं आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचं ‘बटाट्याची चाळ’. १९५८ सालचं. १९६१पासून पुलंनी ते रंगमंचावर एकट्याने उभं केलं. एका माणसाने आपल्या गळ्यातून अख्ख्या चाळीचे आवाज काढावेत, यातच त्या पुस्तकाचा आवाजाकडे पाहण्याचा दृष्टिकोन दिसतो. तिथे आवाज म्हणजे माणूस. प्रत्येक गळ्याला नाव आहे, बिऱ्हाड आहे, खोड आहे. भांडणसुद्धा गॅलरीत, चारचौघांत होतं. शेवटच्या चिंतनात हसू मावळतं आणि चाळ संपत चालल्याची हुरहुर उरते. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी ही हुरहुर जशीच्या तशी उचलली.

सिनेमानेही तेच केलं. ‘पडोसन’मध्ये (१९६८) शेजारच्या खिडकीतून येणारं गाणं हा उपद्रव नाही, तो प्रेमाचा रस्ता आहे. सई परांजपे यांच्या ‘कथा’ची गोष्ट श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून आलेली. तिच्यातली चाळ एकमेकांच्या घरात सहज ये-जा करणारी. या कलाकृती खोट्या आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांनी चाळीतल्या आवाजाचा एक खरा गुणधर्म अचूक पकडला होता. तो आवाज कुणाचा आहे ते कळत असे.

मला आक्षेप आहे तो पुढे आलेल्या आठवणींच्या गद्याला. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून ‘चाळीत माणसं होती, फ्लॅटमध्ये भिंती आहेत’ या एकाच वाक्याची शेकडो रूपं आपण वाचली. या गद्यात चाळीतला आवाज नेहमी गणपतीच्या आरतीचा, क्रिकेटच्या समालोचनाचा, पापड लाटणाऱ्या बायकांच्या हसण्याचा असतो. त्याच भिंतींतून दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा आणि मार खाणाऱ्या बायकोचाही आवाज येत असे, तो सगळा मजला ऐकत असे, आणि ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून कूस बदलत असे. १६० चौरस फुटांच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला गिरणी कामगार दिवसा कसा झोपत असेल, हेही या गद्यात फारसं येत नाही. स्मरणरंजनाने आवाज गाळून घेतला. जो उरला तो गोड होता.

पनवेल, भिंती आणि स्लॅब

पनवेल हे या स्थित्यंतराकडे पाहायला चांगलं ठिकाण आहे. जुनं गाव वाड्यांचं, तळ्यांचं, खाडीच्या व्यापाराचं. नगरपालिका १८५२ची, महापालिका १ ऑक्टोबर २०१६ची. मध्ये १९७० साली सिडको आली आणि नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशी सेक्टरांत मोजली जाणारी वस्ती उभी राहिली. मुंबईतल्या चाळींतून बाहेर पडलेल्या असंख्य कुटुंबांना ‘स्वतःचा ब्लॉक’ इथे मिळाला. दार बंद करता येणं हेच त्या घराचं मोठं वैभव होतं.

पण दार बंद केल्याने थांबतो तो एकाच प्रकारचा आवाज. ध्वनिशास्त्र इमारतीतल्या आवाजाचे दोन भाग करतं. एक हवेतून येणारा : बोलणं, टीव्ही, गाणं. भिंत जितकी जड, तितका तो अडतो. दुसरा आघाताचा : पावलं, खुर्ची ओढणं, पाट्यावर ठेचणं, चेंडू आपटणं. इथे वरचा स्लॅब स्वतःच ढोलाचं कातडं होतो. काँक्रीटचा सांगाडा एकसंध असल्याने आघात खांब-तुळयांतून आडवाही पसरतो, म्हणून ‘बरोब्बर डोक्यावर’ वाटणारा आवाज कित्येकदा तिरक्या घरातून आलेला असतो. वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल थेट स्लॅबवर बसवलेली असेल, तर आघात मऊ करायला मध्ये काहीच नसतं. राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. पण घर घेताना चटई क्षेत्र, पार्किंग, गिझरचा पॉइंट हे सगळं विचारणारा ग्राहक स्लॅबच्या आवाजाबद्दल विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगायची बिल्डरची पद्धत नाही.

नव्या मुंबईच्या जन्मकथेत याला एक सन्माननीय अपवाद आहे. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून जुळ्या शहराची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, चार्ल्स कोरिया, यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला जी वसाहत रचली, जी आज आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून ओळखली जाते, तिचा एक नियम होता : कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नसावी. हेतू हा, की ज्याला त्याला आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं. कमी उंचीच्या, दाटीच्या वस्तीतही हे जमू शकतं हे त्यांनी दाखवलं. पुढे जमिनीचे भाव वाढले, इमारती उंच झाल्या आणि भिंत, छत, जमीन सगळंच सामाईक झालं. चाळीत ‘भिंतीला कान असतात’ म्हणत. आता छताला पाय असतात.

‘मुद्दाम’ हा शब्द

सोसायटीच्या कार्यकारिणीवर असताना आमच्याकडच्या तक्रारवह्या माझ्या ताब्यात होत्या. गळती, पार्किंग आणि आवाज हे त्यांतले तीन नित्याचे विषय. साहित्य वाचण्याच्या सवयीने मी त्या वह्याही वाचल्या, आणि आवाजाच्या अर्जांत मला एक ठरलेला घाट दिसला.

पहिल्या अर्जात आवाजाचं वर्णन असतं. रात्री अकरानंतर काहीतरी गडगडतं, फर्निचर सरकतं, मुलं धावतात. भाषा नम्र : ‘कळविण्यात येते की’, ‘सहकार्य व्हावे’. दुसऱ्या अर्जात वर्णन आटतं आणि वेळा येतात, तारीखवार. तिसऱ्या अर्जात वेळाही मागे पडतात आणि एक नवा शब्द दाखल होतो : ‘मुद्दाम’. आवाज तोच असतो. मधल्या काळात तो घटना राहिलेला नसतो, हेतू झालेला असतो. वरच्या घरातल्या माणसाचं नावही तोवर गेलेलं असतं. तो ‘सदर सदनिकाधारक’ झालेला असतो. चाळीच्या वाङ्मयात आवाजाला चेहरा होता. इथे आवाज चेहरा गमावतो आणि रिकाम्या जागी शत्रू बसतो.

याला मानसशास्त्राचा आधार आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली शहरी गोंगाटावरचे आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. त्यांना दिसलं, की आवाज किती मोठा यापेक्षा तो केव्हा येणार हे कळतं की नाही, याला जास्त महत्त्व आहे. अनियमित आवाज सोसलेली माणसं नंतरच्या शांततेतही कोडी लवकर सोडून देत, मुद्रितशोधनात जास्त चुका करत. मग काहींच्या हाती एक बटण दिलं : आवाज असह्य झाला तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारली. आवाज तेवढाच होता, फक्त तो थांबवता येईल ही जाणीव हाती होती.

खालच्या मजल्यावरच्या माणसाकडे हे बटण नसतं. म्हणून आवाज चालू असतानापेक्षा तो थांबल्यावरचा काळ कठीण जातो. कान वाट पाहत राहतो. एक चप्पल पडली, दुसरी अजून पडायची आहे. झोप जाते ती त्या मधल्या शांततेत. यातून येणारा राग आपल्यालाच लाजिरवाणा वाटतो, कारण कारण क्षुल्लक असतं. शेजाऱ्याचा नातू धावतो म्हणून रडू आलं, हे कुणाला सांगणार? म्हणून तो राग तात्त्विक रूप घेतो : संस्कार, शिस्त, ‘हे लोक’. भाडेकरू, बाहेरगावचे, वेगळं खाणारे, वेगळ्या भाषेचे. सोसायट्यांमधल्या अनेक पूर्वग्रहांना पहिलं खत आवाजाचं मिळतं. उलट आपल्या घरातला आवाज आपल्याला आवाज वाटतच नाही. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल.

पहाटेचं दळण

माझ्या वरच्या घरात डबे होतात. पोळ्या-भाजीचे, रोज पहाटे साडेचारपासून. मिक्सर, कुकर, पोळपाटाची लयबद्ध धडधड. सुरुवातीचे काही महिने मी हा आवाज फक्त छत म्हणून ओळखत होते. मग जिन्यात गाठ पडली. “काकू, तुम्हाला त्रास होतो का हो आमचा?” असं त्या बाईंनीच विचारलं. होतो, असं मी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पोळपाटाखाली जाड रबराची चटई आली, मिक्सर ओट्याच्या भिंतीपासून सरकला आणि वाटण आदल्या रात्री नऊच्या आत होऊ लागलं. साडेचारचा आवाज थोडा कमी झाला. माझी झोप मात्र त्या ‘थोड्या’च्या मानाने फार जास्त सुधारली. आता जाग आली तरी मला ठाऊक असतं, की पंचवीस मिनिटांत पोळ्या संपतील.

या अनुभवाला आपल्या परंपरेत जुनी जोडी आहे. पहाटेचं जातं. घरघरणारा दगड, अंधारात, झोपलेल्या घराच्या मधोमध. डेसिबलच्या भाषेत हा उपद्रवच. पण त्यावर बायकांनी ओव्या रचल्या आणि तो आवाज आपल्या भाषेतल्या मोठ्या मौखिक काव्याचा ठेका झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून साथीदारांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीने जात्याच्या घरघरीला नाव दिलं, माहेर-सासर दिलं, बोलणारी बाई दिली. ऐकणाऱ्याला तो आवाज कुणाचा आणि कशासाठी, हे रोज नव्याने कळत होतं.

इथे थांबलं तर मीही त्याच स्मरणरंजनाच्या पंगतीत बसेन. ओवीचं कौतुक करताना दळणारीची मोडलेली झोप आपण विसरतो. तिला उशिरा उठायचं स्वातंत्र्य नव्हतं. आणि ‘समजून घ्या’ हा सल्ला नेहमी खालच्यालाच मिळतो. रात्रपाळी करून आलेली परिचारिका, तान्ह्या बाळाची आई, बारावीचा मुलगा, हृदयविकाराचे आजोबा यांना समजुतीपेक्षा झोप हवी असते. ओळख झाल्याने आवाजातला ‘मुद्दाम’ जातो, हे खरं. पण चटई लागतेच.

कायदा काय ऐकतो

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. वाचक म्हणून या नियमांकडे पाहिलं, तर त्यांचा नायक लाउडस्पीकर आहे आणि रंगभूमी रस्ता. २०१०च्या दुरुस्तीने खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेलाही हद्द घातली, पण मोजायचं ते जागेच्या सीमेवर. स्लॅबमधून उतरणारी टाच या भाषेत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही रस्ता, रेल्वे, विमान, पवनचक्की आणि करमणूक असे आवाजाचे पाच स्रोत आहेत. शेजारी त्यात नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींत इतर सभासदांना उपद्रव होईल असं वर्तन करू नये, एवढं म्हटलं आहे. उपद्रव कशाला म्हणायचं ते पुन्हा तक्रारवहीवरच येतं.

याची किंमत इतर देशांनी मोजली आहे. जपानमध्ये १९७४ साली हिरात्सुका शहरात खालच्या मजल्यावरच्या पियानोच्या आवाजाने पिसाळलेल्या माणसाने आई आणि दोन मुलींचा खून केला, आणि शेजारचा आवाज हा तिथे राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. दक्षिण कोरियात मजल्यांमधल्या आवाजासाठी स्वतंत्र शब्द आहे, २०१२पासून मध्यस्थी करणारं सरकारी केंद्र आहे, आणि २०२३पासून पावलांसारख्या आघाताची मर्यादा दिवसा ३९ व रात्री ३४ डेसिबल अशी, घराच्या आत, ठरवलेली आहे. तिथल्या कायद्याने टाच ऐकली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी गोंगाटावर दिलेला निकाल मात्र प्रत्येक सोसायटीत वाचला जावा असा आहे. शांतपणे जगण्याचा हक्क त्याने घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी जोडला. ज्या याचिकेवरून तो आला, तिच्या मुळाशी एक घटना होती : तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या हाका कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. गोंगाटाची हानी आपण झोप, रक्तदाब, अभ्यास यांत मोजतो. ऐकू यायला हवं ते ऐकू न येणं, ही त्याची सर्वांत भयंकर हानी आहे.

म्हणूनच पूर्ण निःशब्द भिंत हे मला आदर्श वाटत नाही. २००८ साली ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली. तिचं सांगणं एवढंच होतं : शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर जाऊन दाराची घंटी वाजवा. दूध मागा, वेळ विचारा, काहीही करा, पण तुम्ही ऐकलंय हे आत कळू द्या. कानाडोळ्याच्या आपल्या जुन्या सवयीवर यापेक्षा नेमकी टीका मी साहित्यात वाचलेली नाही. शेजाऱ्याचे आवाज दोन तऱ्हेचे असतात. एक कमी करायचा असतो आणि दुसरा ऐकायचा असतो. चाळीने दोन्ही ऐकले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली. फ्लॅटमध्ये आपण पहिल्यावर इतके चिडलेले असतो, की दुसरा ओळखण्याइतकं मन शाबूत राहत नाही.

सोसण्याची तंत्रं

उपायांबद्दल माझं निरीक्षण असं : आघाताचा आवाज जिथे जन्मतो तिथेच मरतो. खाली कापूस घालून, खोटं छत लावून फार थोडं साधतं. वर सतरंजी, खुर्चीच्या पायांना नमदा, घरात मऊ चपला, शिलाई मशीन आणि मिक्सरखाली रबर यांनी पुष्कळ साधतं. म्हणजे खालच्याची झोप वरच्याच्या हातात आहे, आणि म्हणूनच पहिली भेट भांडणाच्या आधी व्हायला हवी. फर्निचरचं काम, ड्रिलिंग, बारसं यांची वेळ आधी फळ्यावर लिहिली, तर तोच आवाज कमी बोचतो. ग्लास-सिंगर यांचं बटण आपल्याला फुकटात एवढंच देता येतं. तबल्याच्या रियाजाला वेळ ठरवून द्यावी, बंदी घालू नये. आणि लहान मुलाला ‘धावू नकोस’ म्हणण्यापेक्षा खाली मैदान शाबूत ठेवावं. पार्किंगने खाल्लेलं अंगण शेवटी छतावरच धावतं.

पण सगळा भार शेजारधर्मावर टाकणं हाही एक कानाडोळाच. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतली कुटुंबं ऑगस्ट २०२५मध्ये १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांच्या, उंच इमारतींतल्या घरांत जाऊ लागली. पनवेल परिसरात सिडकोच्या काळातल्या इमारती पुनर्विकासाच्या उंबऱ्यावर आहेत, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळाने जागेचे भाव आणखी वर नेले आहेत. आज ज्या करारांवर सह्या होतील, त्यांतले स्लॅब पुढची साठ-सत्तर वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर राहणार आहेत. या करारांच्या सुविधांच्या यादीत मॉड्युलर किचन असतं, जिम असतं, व्हिडिओ डोअरफोन असतो, टाइलची कंपनी असते. टाइल आणि स्लॅबमध्ये आघात शोषणारा थर असतो का, हे विचारणारी ओळ मला एकाही मसुद्यात दिसलेली नाही. सर्वसाधारण सभेत ती ओळ घालून घेण्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. हात वर करणारा एक सभासद पुरतो.